पानाची तोंडं

पानाच्या पाठीवर नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा. ते सुकेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. मग त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती हळूहळू ओढायची. नेलपॉलिश पट्टीबरोबर सुटून येतं आणि येताना पानाचा ठसा घेऊन येतं. ती पट्टी काचेवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि चारशेपट मोठं होऊन जे दिसलं, ते बघून मी पहिल्या दिवशी बराच वेळ मोजायचंच विसरले होते. एकमेकींत गुंतलेल्या वेड्यावाकड्या पेशी, आणि त्यांच्या मधे मधे, कुणी काही बोलायला ओठ किंचित उघडावेत तशी रंध्रं. एक नाही, दोन नाहीत, एका गोल चकतीत तीसेक.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता तो. वाहता रस्ता आणि बाग, दोन्हीकडं एकाच जातीची झाडं. रस्त्याकडेची पाच, बागेतली पाच. प्रत्येक झाडाची दहा पानं, प्रत्येक पानावर तीन ठिकाणी मोजणी. म्हणजे तीनशे वेळा डोळा लावून मोजायचं. गाड्यांच्या धुराचा रंध्रांच्या संख्येवर काही परिणाम होतो का, हा प्रश्न. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. झोपताना डोळे मिटले तरी समोर रंध्रं यायची. शेवटी आकडे मांडले, सरासरी काढली, आणि फरक दिसला. रस्त्याकडेच्या पानांवर रंध्रं जास्त होती, तीही चांगलीच जास्त. माझ्या गाइडनं आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, ‘‘छान. पोस्टर कर.’’

पोस्टर म्हणजे आपलं संशोधन मांडून प्रदर्शनात लावायचा ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा कागद. तो पहिल्यांदा हातात घेतला की कळतं, केवढा मोठा असतो. बोर्डावर लावताना एकीनं वरची कोपरी धरायची, दुसरीनं टाचण्या मारायच्या. एकटीनं लावायला गेलं की तिरकाच जातो. माझा तिरका गेला. मी तो काढून परत लावला, परत तिरका गेला, आणि शेजारच्या बोर्डावरचा अनोळखी मुलगा आपलं काम सोडून आला आणि त्यानं खालची बाजू धरली. त्याचा विषय पुलांच्या कंपनांचा होता. दिवसभर आम्ही दोघं शेजारी उभे होतो. त्याचं वाक्य संपलं की माझं सुरू व्हायचं.

त्या सकाळचा पहिला दीड तास मला अजून आठवतो तो पावलांच्या आवाजानं. माणसं येत होती, शीर्षक वाचत होती, मान हलवून पुढं जात होती. काही जण तर शीर्षकही न वाचता, आलेखाचे रंग बघत गेले. मी पाठ केलेली तीन मिनिटं तोंडात घेऊन उभी. समोरच्याची नजर पोस्टरवर रेंगाळली की छातीत धडधड वाढायची, तो पुढं गेला की ती उतरायची, आणि उतरल्यावर जी पोकळी राहायची ती धडधडीपेक्षा वाईट असायची. पहिले परीक्षक आले. त्यांनी विचारलं, ‘‘नमुने किती?’’ मी सांगितलं, शंभर पानं. ‘‘व्हेरी गुड,’’ म्हणाले, कागदावर काही लिहिलं आणि गेले. सगळं मिळून दोन मिनिटं. माझी तीन मिनिटं तोंडातच राहिली.

मग त्या आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर संगीताच्या गटात होता आणि त्याची वेळ व्हायला अजून तास होता. वेळ घालवायला म्हणून त्या खाली आल्या होत्या.

‘‘हे काय आहे गं?’’

मी सुरू केलं. वायुप्रदूषणाचा स्टोमॅटल डेन्सिटीवर होणारा परिणाम, तुलनात्मक अभ्यास, पद्धत, निष्कर्ष. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधे कुठंही इकडंतिकडं बघितलं नाही. मग म्हणाल्या, ‘‘यातलं स्टोमॅटा म्हणजे काय ते मला कळलं नाही.’’

म्हणजे काहीच कळलं नव्हतं. आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. मी क्षणभर थांबले. पुस्तकातली व्याख्या ओठांवर आली होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून ती पुढं येईना. मी म्हणाले, ‘‘पानाची तोंडं असतात काकू. बारीक. त्यातून पान हवा घेतं, पाणी सोडतं. ती तोंडं मी मोजली.’’

हे वाक्य मी आधी कधी म्हटलं नव्हतं. कुणी शिकवलंही नव्हतं. पुढं कधीतरी वाचलं की ‘स्टोमा’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी तोंड असा आहे. दोन महिने रोज तो शब्द मी वापरत होते आणि त्याच्या आत काय आहे हे मला एका अनोळखी बाईला समजावून सांगताना सापडलं.

‘‘आणि मोजलीस कशी?’’

मी नेलपॉलिशचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. टेबलावर मायक्रोस्कोप होता, त्यात स्लाइड लावलेली होती. त्यांनी चश्मा कपाळावर चढवला, डोळा लावला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डोळा तसाच ठेवून म्हणाल्या, ‘‘माझ्याकडं एक वेल आहे. अर्धी उन्हात, अर्धी जिन्याच्या सावलीत. वेल एकच, पण सावलीतली पानं मोठी होतात, पातळ. उन्हातली लहान आणि जाड. तू कुठली तोडलीस?’’

कुठली तोडली होती मी? रस्त्याकडेची झाडं सुटी सुटी उभी होती. गाड्यांना अडतात म्हणून त्यांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या. मी स्टुलावर उभी राहून बाहेरच्या अंगाची पानं घेतली होती, भर उन्हातली. बागेतली झाडं दाटीनं लावलेली होती, तिथं हात वर केला की आतली पानं हाताला लागायची, सावलीतली. आणि उन्हातल्या पानांवर रंध्रं दाट असतात, सावलीतल्या पानांवर विरळ, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी ते. फक्त स्वतःच्या पोस्टरशी त्याची गाठ घालून बघितली नव्हती.

म्हणजे मी धूर मोजतच नव्हते. मी ऊन मोजलं होतं.

काकूंना यातलं काही कळलं नसावं. मी म्हणाले, ‘‘हे मी बघितलंच नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग आता बघ की,’’ आणि मुलाची वेळ झाली म्हणून वर गेल्या.

पुढचा पाऊण तास मी पोस्टरकडं पाठ करून उभी होते. माझ्या मागे मोठ्या अक्षरांत एक निष्कर्ष छापलेला होता आणि तो आता माझा राहिला नव्हता. दुसऱ्या परीक्षक आल्या तेव्हा मी ठरवलं काहीच नव्हतं, पण बोलायला लागले ते तिथूनच. म्हणाले, ‘‘मॅडम, मगाशी एक प्रश्न आला, आणि मला वाटतं हा निष्कर्ष टिकत नाही.’’ त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, ‘‘मग आता काय करशील?’’ आम्ही दहा मिनिटं बोललो. दोन्हीकडची उन्हातली पानं वेगळी, सावलीतली वेगळी. फांदी जमिनीपासून किती उंचीवर ते लिहायचं. एकाच वेळेला तोडायची. दिवसभरात मी खऱ्या अर्थानं बोलले ती तेवढी दहा मिनिटं आणि काकूंबरोबरची आधीची.

बक्षीस मिळालं नाही. गाइडना सगळं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘हे मी विचारायला हवं होतं.’’ इतकंच. एवढ्या एका वाक्यानं मी त्यांना आयुष्यभरासाठी मानते. परीक्षा संपल्यावर मी पुन्हा मोजलं. रस्ता आणि बाग यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि एकाच झाडाच्या उन्हातल्या नि सावलीतल्या पानांतला फरक त्याच्या कितीतरी पट निघाला. या दुसऱ्या मोजणीचं पोस्टर कुठं लागलं नाही. वहीत आहे.

आता मी शिकवते. दरवर्षी मुलांचे प्रोजेक्ट प्रदर्शनाला जातात, आणि आमच्याकडं नाही तर दुसऱ्या कुठं तरी मला परीक्षक म्हणूनही जावं लागतं. पदवीच्या मुलांनी स्वतः संशोधन करायचं आणि ते लोकांपुढं मांडायचं, ही कल्पना तशी जुनी नाही. एडविन लँड या पोलरॉइड कॅमेरा कंपनीच्या संस्थापकानं १९५७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एक भाषण केलं होतं. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला स्वतःचं असं खरं संशोधन करायला मिळावं, असा त्याचा आग्रह होता. तो प्रत्यक्षात यायला १९६९ उजाडलं. मार्गारेट मॅकविकर या तरुण भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी तिथं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम उभा केला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या महाविद्यालयांतल्या काही रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन पदवी संशोधनासाठी परिषद स्थापन केली. १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या अ‍ॅशव्हिल इथल्या शाखेत पदवीच्या विद्यार्थ्यांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं, आणि त्यात पहिल्यापासूनच विज्ञानाइतकीच जागा साहित्य, कला, संगीत यांनाही होती. मला या इतिहासात सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. एका मुलीनं पानं मोजली आणि एका मुलानं राग बांधला, तर दोघांनी एकाच छताखाली, एकाच दिवशी, एकाच लोकांपुढं उभं राहायचं.

पोस्टरची पद्धतही त्याच सुमाराची. मोठ्या परिषदांना इतकी माणसं यायला लागली की सगळ्यांना व्यासपीठ द्यायला दिवस पुरेनात. मग भाषणाऐवजी कागद भिंतीवर लावा आणि त्याशेजारी उभे राहा, असं सुरू झालं. १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर लेख आला होता, परिषदांचं नवं रूप म्हणून. सोय म्हणून निघालेली ही वाट, पण तिनं एक गोष्ट मुळापासून बदलली असं मला वाटतं. व्यासपीठावरच्या माणसाला मधेच थांबवता येत नाही. पोस्टरशेजारी उभा असलेला माणूस हाताच्या अंतरावर असतो. त्याला ‘थांब, हे कळलं नाही’ असं म्हणता येतं. त्या एका ‘थांब’साठी एवढा कागद, एवढे बोर्ड, एवढा मोठा हॉल लागतो.

आणि नेमकं त्याचंच काही शिक्षण कुणी देत नाही. सगळं शिक्षण बोलणाऱ्याला. अक्षर किती मोठं हवं, रंग किती हवेत, हात कुठं ठेवायचे. ते हवंच. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, ती आता जगभर गेली. तिथं तेव्हा दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ उरकायचे, त्यावरून ही कल्पना सुचली. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यानं पोस्टरच्या मधोमध साध्या भाषेत एकच मोठं वाक्य लिहायचा आराखडा मांडला आणि तोही बघता बघता पसरला. मी माझ्या मुलांना दोन्ही दाखवते. पण तीन मिनिटं कितीही घासून पुसून तयार केली आणि मधलं वाक्य कितीही मोठं छापलं, तरी समोर थांबणारं माणूस नसेल तर ती मुलगी भिंतीशी बोलत असते.

दोनेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘सर्जनशील प्रकल्प’ अशी पाटी लावलेल्या खोलीत एक मुलगी होती. तिनं आवाजांची एक रचना केली होती. घरातली सगळी बाहेर गेल्यावर घरात जे आवाज उरतात ते तिनं महिनाभर टिपले होते: पंख्याची कुरकुर, नळाचा थेंब, कुठं तरी उन्हानं तापून कट्ट वाजणारा पत्रा. त्यातून साडेचार मिनिटांचा तुकडा. टेबलावर एक हेडफोन, शेजारी पांढरा कागद, त्यावर फक्त नाव. मी गेले तेव्हा ती वहीत रेघा मारत बसली होती. पाच पाचच्या गठ्ठ्यांनी.

‘‘काय मोजतेस?’’

‘‘किती जण सात सेकंदांवर काढतात.’’

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. रचनेत दोन मिनिटांनंतर सात सेकंद काहीच नाही. पूर्ण शांतता. तो तिच्या मते सगळ्या रचनेचा गाभा होता, घर स्वतःचा श्वास रोखून धरतं ती जागा. पण लोकांना वाटायचं संपलं. ते हेडफोन काढून ठेवायचे, ‘छान’ म्हणायचे, जायचे. सकाळपासून एकवीस जणांपैकी सोळा जणांनी तिथंच काढला होता. उरलेली अडीच मिनिटं पाच जणांनी ऐकली होती. शिवाय जाणारे विचारायचे, ‘‘याचा अर्थ काय?’’ आणि ती त्यांना अर्थ सांगायची. ते सांगताना तिचं तिलाच पटत नव्हतं.

मी हेडफोन घातला. शांततेपाशी पोचले आणि माझाही हात वर गेला. तिनं आधी सांगितलं होतं तरी गेला. मी तो खाली घेतला आणि थांबले. ऐकून झाल्यावर मी अर्थ विचारला नाही. विचारलं, ‘‘शांततेच्या आधीचा शेवटचा आवाज कुठला आहे?’’

ती म्हणाली, पंखा बंद होतो तो.

म्हणाली आणि थांबली. मग स्वतःच म्हणाली, ‘‘पंखा बंद होणं म्हणजे संपणंच ना.’’

दुपारच्या सुट्टीत तिनं लॅपटॉप उघडला. शांतता तशीच ठेवली, सातच्या सात सेकंद. तिच्या आधी पंख्याऐवजी कडी काढल्याचा आवाज घातला. कडी वाजली की कुणी तरी आत येणार असं वाटतं, आणि मग माणूस वाट बघतो. संध्याकाळी जाताना मी मुद्दाम तिच्या टेबलावरून गेले. वहीतल्या दुपारनंतरच्या रेघा तिनं दाखवल्या. चौदा जणांपैकी फक्त तिघांनी हेडफोन काढला होता.

हे तिला घरी बसून समजलं असतं का? कदाचित, पुढं केव्हातरी. पण त्या दिवशी ते समजलं एकवीस माणसांच्या हातांकडं बघून. प्रदर्शन हा प्रोजेक्ट संपल्यानंतरचा समारंभ आहे असं आपण धरून चालतो: काम झालं, आता दाखवा. मी बघितलेल्या चांगल्या प्रोजेक्टांपैकी बरेचसे त्या हॉलमध्येच घडत होते. रचना करणाऱ्याला कडी सापडते ती तिथं. मला ऊन सापडलं ते तिथं.

कधी कधी मात्र काम एकटंच जातं, त्याच्याशेजारी उभं राहायला माणूस नसतं. तेव्हा काय करायचं, हे विचारणाऱ्या मुलांना मी माया लिनचं सांगते. १९८१ साली ती येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. वय एकवीस. वर्गातल्या कामातून तिनं व्हिएतनाम युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकाचा आराखडा केला आणि तोच खुल्या स्पर्धेला पाठवला. एकूण १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. त्या मांडायला विमानतळावरचं हँगर लागलं. कुणाचं नाव कुठंही नाही, फक्त क्रमांक. तिचा १०२६. तिच्या फलकावरची चित्रं खडूनं केलेली, धूसर, जमिनीत काळी चीर पडावी तशी. नुसती बघून कुणाला फारसं कळावं अशी नव्हेत. पण फलकावर तिनं स्वतःच्या शब्दांत एक निवेदन लिहिलं होतं: माणूस उतारावरून खाली चालत जाईल, भिंत हळूहळू उंच होत जाईल, नावं दिसू लागतील. स्मारकाची रचना करायला लागला त्याहून जास्त वेळ ते निवेदन लिहायला लागला, असं तिनं पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. परीक्षक त्या शब्दांच्या बोटाला धरून त्या धूसर चित्रात उतरले असणार असं मला नेहमी वाटतं. तिला मात्र पुढं प्रत्यक्ष उभं राहावंच लागलं, आणि ते सोपं गेलं नाही. काळा दगड का, जमिनीच्या खाली का, नावं अकारविल्हे का नाहीत. नावं मृत्यूच्या क्रमानंच लागली पाहिजेत हे तिनं सोडलं नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ती भिंत खुली झाली, तेव्हा तिच्यावर ५७ हजारांहून जास्त नावं होती, त्या क्रमानं.

मुलांना मी हे सांगते ते त्या निवेदनासाठी. ती दिपून ऐकतात स्पर्धेचा भाग, मला हवं असतं त्यांनी ऐकावं की एका विद्यार्थिनीनं एका परिच्छेदावर किती काळ घालवला.

कारण मुलांच्या पोस्टरवरची भाषा हा माझ्या जिवाला लागलेला विषय आहे. ‘असे आढळून आले.’ ‘असे निदर्शनास येते.’ अरे, कुणाला आढळलं? तू पहाटे उठून गेलास ना मोजायला? एकट्यानं केलेल्या कामालाही मुलं ‘आम्ही’ म्हणतात. विनय असतो त्यात, मला कळतं, पण थोडी लपायची जागाही असते. प्रश्न आला की ‘आम्ही’च्या मागे जाता येतं. मी त्यांना सराव करून घेताना एकच अट घालते: विज्ञान न शिकलेल्या एखाद्या घरच्या माणसाला, घरच्या भाषेत, कागद न बघता सांगून या. परत येतात तेव्हा त्यांच्या वाक्यांना वेगळं वजन आलेलं असतं. एक मुलगा जिवाणूंच्या प्रतिकारशक्तीवर काम करत होता. आजीला सांगून आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, तिनं विचारलं, मेलेले औषधानं मेले, पण जे उरले ते आधीपासूनच तसे होते का औषधामुळं तसे झाले?’’ या प्रश्नावर १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला होता, आणि उत्तर ‘आधीपासूनच’ या बाजूनं निघालं होतं. जिवाणूंत ते बदल औषधाची, त्यांच्या प्रयोगात विषाणूची, गाठ पडण्याआधीच झालेले असतात. मुलानं तो प्रयोग वाचलेला नव्हता. त्या रात्री वाचला.

ऐकणाऱ्यांबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. एका ठिकाणी मी बघितलंय, प्रदर्शन चारपर्यंत होतं, पण त्याच हॉलमध्ये पाहुण्यांचा कार्यक्रम ठेवला म्हणून दोन वाजताच पोस्टर उतरवायला सांगितलं. तिथं एक मुलगी रात्रभराचा प्रवास करून आली होती. तिचा परीक्षक अजून यायचा होता. तिनं टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, कागदाची गुंडाळी केली आणि तिला रबर लावलं. काहीच बोलली नाही. मी तिला म्हटलं, जिन्यात बसू, मला सांग. आम्ही पायरीवर कागद पसरला, त्याची कोपरी आमच्या चपलांनी दाबून धरली, आणि तिनं मला सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज दोनदा कापला. काम चांगलं होतं. ते कुणीतरी मोठ्या लोकांनी त्या हॉलमध्ये उभ्या उभ्या ऐकायला हवं होतं.

आणखी एक. समोर विद्यार्थी बोलत असताना फोनमध्ये बघणारा परीक्षक. त्याला वाटतं एका डोळ्यानं चालतं. मुलाचा आवाज त्याच क्षणी कसा खाली जातो, वाक्यं कशी आखूड होतात, हे बाजूला उभं राहिलं की ऐकू येतं.

मी स्वतः जाते तेव्हा तासाला दहा बारा पोस्टर वाट्याला येतात. प्रत्येकी पाच मिनिटं. गुणांचा तक्ता असतो, त्यात रकाने: नावीन्य, पद्धत, मांडणी. तो मी शेवटच्या मिनिटात भरते. आधीची चार मिनिटं मुलांची. पहिला प्रश्न सहसा ‘कसं मोजलंस’ हाच असतो, कारण त्याचं उत्तर पाठ करून येत नाही. त्यात हात असतात, चुकलेले दिवस असतात, फुटलेली नळी असते. डोळे लगेच वर येतात. मग मी विचारते, यात तुला सगळ्यांत कमी खात्री कशाची आहे? पहिल्यांदा मुलं दचकतात. गुण जातील असं वाटतं. मी सांगते, जाणार नाहीत. मग कुणीतरी घसा साफ करून आलेखातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवतं, आणि तिथून पुढं जे बोलणं होतं त्याच्यासाठी मी दरवर्षी हा दिवस राखून ठेवते.

माझ्या त्या पहिल्या दिवसातलं एक अजून सांगायचं राहिलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला बोर्ड रिकामे व्हायला लागले. पुलांची कंपनं शेजारून निघून गेली होती, जाताना त्यानं माझ्या खालच्या दोन टाचण्या काढून दिल्या होत्या. मी स्लाइड कागदात गुंडाळत होते. तेवढ्यात काकू परत आल्या. बरोबर त्यांचा मुलगा, खांद्यावर तबल्याची पिशवी, दमलेला. त्याला घरी जायचं होतं, स्पष्ट दिसत होतं. त्यांनी त्याला हाताला धरून माझ्यापुढं आणलं, आणि मी काही बोलायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

‘‘हे बघ, हिनं पानाची तोंडं मोजली. पानाला खालच्या बाजूनं तोंडं असतात. नेलपॉलिश लावून त्यांचे छाप घेतले हिनं. रस्त्यावरच्या झाडांची आणि बागेतल्या झाडांची. पण आता परत मोजणार आहे, कारण उन्हातल्या पानांना जास्त तहान लागते, म्हणून त्यांना तोंडं जास्त असतात.’’

तहानेचं मी म्हटलं नव्हतं. ते तसं नेमकं बरोबरही नव्हतं. मुलगा पिशवी खाली ठेवून पोस्टरकडं बघायला लागला होता. मग त्यानं आईला विचारलं, ‘‘किती असतात एका पानावर?’’

‘‘ते तिला विचार,’’ त्या म्हणाल्या.

मी गुंडाळलेली स्लाइड परत सोडली.